स्टुडिओतून वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या औद्योगिक डिझायनरला आपण काय सुचवाल?

रेखाटणारा_पुणे

नमस्कार मंडळी,

यंत्र अभियांत्रिकीची पदवी आणि त्यानंतर डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी गेली काही वर्षे पुण्यातील डिझाइन स्टुडिओंमध्ये औद्योगिक डिझायनर म्हणून काम करत आहे. मिक्सर, पाणी शुद्ध करणारी यंत्रे, दुचाकीचे मीटर, बागकामाच्या अवजारांची एक मालिका अशी कामे हातून झाली. पहिल्या स्केचपासून भोसरीच्या टूलरूममध्ये डायवर, म्हणजे भाग घडवायच्या साच्यावर, शेवटचा हात फिरेपर्यंत सोबत राहण्याची मला सवय आहे आणि या कामाचा कंटाळा आलेला नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

प्रश्न पडण्याचे कारण वेगळे आहे. मध्यंतरी आमच्या स्टुडिओकडे रक्तदाब मोजण्याच्या एका यंत्राचे काम आले. आमच्यापर्यंत ते पोहोचले तेव्हा आतील सर्किट, पडद्याची जागा, बटणांची संख्या हे सारे ठरून गेले होते. आमच्याकडून केवळ जरा आधुनिक दिसेल असे आवरण हवे होते. आम्ही काही पर्याय दिले, रंगसंगती ठरली, रेंडर (संगणकावर काढलेली हुबेहूब चित्रे) गेले, बिल गेले आणि काम संपले. हे यंत्र नेमके कोण वापरणार आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका की घरी एकटे राहणारे आजोबा, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या कंपनीच्या बैठकीत कोणाकडेही नव्हते. या क्षेत्रात शिरायचे असेल तर निर्णय जिथे होतात तिथे जाऊन बसावे, असे तेव्हापासून मनात घोळते आहे.

माझ्या शंका अशा. स्टुडिओतील अनुभव वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्या जमेस धरतात का? बायोमेडिकलची आणखी एखादी पदवी घ्यावी लागते का? मोठ्या कंपनीचे डिझाइन केंद्र, एखादा नवउद्योग, की आहे त्याच स्टुडिओत राहून हळूहळू तशी कामे मिळवणे, यांपैकी कोणता मार्ग आपण सुचवाल? शिवाय मानके आणि कागदपत्रे यांच्या गराड्यात डिझायनरला डिझाइन करण्यासाठी काही उरते का, हेही स्पष्टपणे सांगावे. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांची मते वाचायला आवडतील.

कऱ्हाडकर_बंगळूर

आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण स्टुडिओतील बहुतेक मंडळी तिथेच बिचकतात.

वैद्यकीय उपकरणांच्या जोखीम व्यवस्थापनासाठी आयएसओ १४९७१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. धोका कमी करण्याचे तीन मार्ग ते सांगते आणि त्यांचा क्रमही ठरवून देते. आधी उत्पादनाच्या रचनेतूनच धोका काढून टाकायचा; ते शक्य नसेल तर संरक्षक उपाय करायचे, म्हणजे झाकण, खटका, अलार्म; आणि त्यानेही भागले नाही तरच सूचना आणि इशाऱ्याचे लेबल लावायचे. याचा अर्थ असा की डिझायनरच्या कामाला या मानकानेच अग्रक्रम दिला आहे. घरगुती उपकरणांच्या बैठकीत "हे आपण लेबलवर लिहून टाकू" असे म्हटले की विषय मिटतो. इथे ते वाक्य उच्चारणाऱ्याला आधीचे दोन मार्ग का जमले नाहीत, याचे लेखी उत्तर द्यावे लागते. मी स्टुडिओंमध्ये बरीच वर्षे काढून रुग्णावर लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरच्या कामात आलो आणि माझ्या मते डिझायनरच्या शब्दाला इथे जेवढे वजन आहे तेवढे मिक्सरच्या धंद्यात कधीही मिळणार नाही. अट एवढीच की तो शब्द पुराव्यासह आला पाहिजे.

बंधने नाहीत असे नाही. अलार्मसाठीचे आयईसी ६०६०१-१-८ हे मानक सांगते की सर्वांत तातडीचा दिवा लाल असावा आणि सेकंदाला साधारण १.४ ते २.८ वेळा लुकलुकावा. मध्यम तातडीचा दिवा पिवळा असावा आणि त्याची लय ०.४ ते ०.८ एवढी संथ असावी. आणि अलार्मची खूण ४ मीटरवरून ओळखता यावी. रंग आणि लय यांत आपल्याला काही म्हणायला जागा नाही. पण तो दिवा यंत्राच्या माथ्यावर असावा की कडेला, मध्ये सलाइनचा स्टँड आला तर तो दिसेल का, परिचारिका शेजारच्या खाटेवर वाकलेली असताना तिच्या नजरेच्या टप्प्यात येईल का, हे सारे डिझायनरनेच ठरवायचे असते.

अतिदक्षता विभागातील जुन्या मॉनिटरकडे जरा निरखून पाहा. वीज चालू असल्याच्या हिरव्या दिव्यावर कोणीतरी मायक्रोपोरची पट्टी डकवलेली असते, कारण रात्री त्याचा उजेड थेट रुग्णाच्या डोळ्यांवर येतो. कडेला तसल्याच पट्टीवर बॉलपेनने खाट क्रमांक लिहिलेला असतो. वरच्या सपाट जागेवर कापसाचा डबा, केसपेपर आणि कधीकधी अर्धवट संपलेली सलाइनची बाटलीही विसावलेली असते. माथा उतरता केला तर बाटली तिथे ठरत नाही, आणि विजेच्या यंत्रात द्रव शिरण्याचा एक मार्ग कोणतेही लेबल न लावता बंद होतो. असले तपशील कोणत्याही ब्रीफमध्ये, म्हणजे ग्राहकाने दिलेल्या कामाच्या लेखी मागणीत, लिहून येत नाहीत; ते वॉर्डात उभे राहूनच गोळा करावे लागतात.

आता स्टुडिओच्या अनुभवाविषयी. तो जमेस धरला जातो, पण मुलाखतीत रेंडरवरून नजर भराभर फिरते आणि मग "हे बटण इथेच का?" असा प्रश्न येतो. आपण टूलरूममध्ये उभे राहता, ही आपली खरी जमेची बाजू आहे. मात्र इथली नगसंख्या वेगळी असते. मिक्सरचे लाखो नग निघतात म्हणून कडक पोलादाचा डाय परवडतो. अतिदक्षता विभागातील एखाद्या यंत्राचे वर्षाला काही शे नग गेले तरी कंपनी समाधानी असू शकते. तिथे व्हॅक्युम कास्टिंग, पॉलियुरेथेनची आवरणे, थर्मोफॉर्मिंग, वाकवलेला पत्रा आणि ॲल्युमिनियमचे डाय यांच्या जिवावर डिझाइन उभे करावे लागते. दुसरी गोष्ट पुसण्याची. स्पिरिट आणि जंतुनाशक द्रावणांनी दिवसातून अनेकदा पुसले गेल्यावर, मोल्डिंगचा ताण जिथे उरलेला असतो तिथे, म्हणजे स्क्रू बसतो त्या उंचवट्याभोवती (बॉस) आणि दाबून अडकणाऱ्या खटक्याच्या (स्नॅप) मुळाशी, पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला बारीक तडे जाऊ लागतात. दोन भागांमधील खोबण दिसायला कितीही देखणी असली तरी तिच्यात रक्त सुकून बसते. ज्या डिझायनरला हे आपणहून सुचते त्याच्याकडे कंपनी निराळ्या नजरेने पाहते.

मार्गाविषयी माझे मत ठाम आहे. स्वतःचे उत्पादन असलेल्या कंपनीत जा आणि सुरुवातीला नव्या उत्पादनाचा आग्रह धरू नका. बाजारात असलेल्या यंत्राच्या सुधारणेचे काम मागून घ्या. रुग्णालयांतून आलेल्या तक्रारी वाचणे, परत आलेले तुटके नग उघडून पाहणे आणि एक बिजागरी बदलण्यासाठी किती चाचण्या नव्याने कराव्या लागतात हे अनुभवणे, हे शिक्षण कोणत्याही संस्थेत मिळत नाही. पुण्यात राहायचे असेल तर फिलिप्सचे चाकणचे केंद्र आहे. इकडे बंगळूरला जीईच्या जॉन एफ. वेल्च केंद्रात एमएसी ४०० हे हातात उचलून नेता येणारे ईसीजी यंत्र घडले आणि त्याचा प्रिंटर बसच्या तिकीट छापणाऱ्या यंत्रावरून बेतला गेला. आवरणाचे काम तेवढे बाहेर दिले असते तर असा निर्णय झालाच नसता, कारण तो आकार, किंमत आणि बॅटरी या तिन्हींना एकदम हात घालणारा होता.

पगाराचे विचारले नाहीत, तरी सांगतो. सुरुवातीला स्टुडिओपेक्षा फार फरक पडेल असे समजू नका.

नियमपालक_ठाणे

मी गुणवत्ता आणि नियमन विभागात काम करते, त्यामुळे डिझायनर मंडळी ज्यांना टाळतात त्यांपैकी एक आहे. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. कागदपत्रांच्या बाजूने थोडी भर घालते.

आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यापूर्वी काही मोजक्याच उपकरणांवर नियंत्रण होते. पुढे १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली, आणि (जोखमीनुसार ए हा सर्वांत कमी, डी हा सर्वांत जास्त धोक्याचा वर्ग) ए व बी वर्गांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून, तर सी व डी वर्गांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना पद्धती अनिवार्य झाली. ए वर्गातील निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या साध्या वस्तूंना परवान्याऐवजी नोंदणी पुरते. थर्मामीटर आणि आपण उल्लेख केलेले रक्तदाबाचे यंत्र हे बी वर्गात येतात, हृदयाची झडप डी वर्गात. हे सांगण्याचे कारण असे की ज्या छोट्या उत्पादकांना पूर्वी डिझाइनची नोंद ठेवण्याची सक्ती नव्हती, त्यांना आता ती ठेवावी लागते, आणि ती नोंद लिहू शकेल असा डिझायनर त्यांना सहजासहजी मिळत नाही.

नोंद म्हणजे काय, तर वापरणाऱ्याची गरज काय होती, त्यातून कोणती मोजता येणारी अपेक्षा ठरली, त्या अपेक्षेला उत्तर म्हणून कोणता आकार किंवा यंत्रणा निवडली आणि ती अपेक्षा पूर्ण झाल्याचे कोणत्या चाचणीने दिसले, ही साखळी कुठेही न तुटता कागदावर असणे. "पकड आरामदायी असावी" हे वाक्य माझ्याकडे आले तर मी ते परत पाठवते. "हातमोजे घातलेल्या ओल्या हाताने, एकाच हाताने झाकण उघडता यावे" असे लिहिले तर त्याची चाचणी घेता येते. उपयोगसुलभतेचे आयईसी ६२३६६-१ हे मानक मुळापासून वाचा. त्यात घडणीच्या काळात वारंवार घ्यायच्या चाचण्या आणि शेवटची निर्णायक चाचणी यांत भेद केला आहे. अमेरिकेच्या बाजारात उतरायचे असेल तर तेथील एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या शेवटच्या चाचणीत प्रत्येक वेगळ्या वापरकर्ता गटातील किमान १५ व्यक्ती अपेक्षित असतात. परिचारिकांचे १५ आणि घरी वापरणाऱ्या रुग्णांचे १५ असे ते स्वतंत्र मोजले जातात. स्टुडिओत आपल्याच सहकाऱ्यांच्या हाती नमुना देऊन मते घेण्याची पद्धत इथे चालत नाही.

आणखी एक पदवी घेऊ नये, असे मला वाटते. आपण पदव्युत्तर शिक्षण घेतलेलेच आहे. त्याऐवजी आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांची गुणवत्ता व्यवस्थापन पद्धती) आणि १४९७१ यांचे छोटे अभ्यासक्रम करावेत. डॉक्टरांबरोबर प्रत्यक्ष काम करून पाहायचे असेल तर आयआयटी मुंबईतील बेटिक या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्राकडे जरूर पाहावे. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थांचाही त्या उपक्रमात सहभाग राहिला आहे. पुढेमागे स्वतःचे काही करावेसे वाटले तर पुण्यातील एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांना आधार देणारे केंद्र आपल्या घराजवळच आहे आणि बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या बिग योजनेतून ५० लाखांपर्यंतचे अनुदान १८ महिन्यांसाठी मिळू शकते.

फक्त वेळेची कल्पना असू द्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप बनवायला घेतली, तेव्हा आधीची तीन रूपे बाद होऊन चौथे टिकले, आणि पहिली झडप रुग्णाला डिसेंबर १९९० मध्ये बसवली गेली. तोवर काम सुरू होऊन दशकाहून अधिक काळ लोटला होता. आपले उत्पादन एवढा वेळ घेणार नाही; परंतु सहा महिन्यांत दुकानात दिसणाऱ्या वस्तूचा आनंद आपल्याला आवश्यक वाटत असेल, तर या निर्णयाचा पुन्हा विचार करावा.

मिरज_यंत्रदुरुस्ती

मी डिझायनर नाही. मिरजेतील एका रुग्णालयात बायोमेडिकल अभियंता आहे, म्हणजे ही सगळी यंत्रे बिघडली की मंडळी ज्याला हाक मारतात तो माणूस.

डिझाइनने धोका मुळातून काढणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर शस्त्रक्रियागृहातील भूलयंत्राच्या मागे जाऊन सिलिंडर जोडतात ती जागा पाहा. ऑक्सिजनच्या जोखडावर दोन खिळे एका जागी असतात, नायट्रस ऑक्साइडच्या जोखडावर निराळ्या जागी, आणि सिलिंडरच्या तोंडाला त्याप्रमाणेच भोके असतात. ऑक्सिजनचे खिळे २ आणि ५ या स्थानांवर, नायट्रस ऑक्साइडचे ३ आणि ५ वर. रात्री तीनला, अर्धवट झोपेत, रंगही नीट न पाहता सिलिंडर लावला तरी चुकीचा सिलिंडर बसत नाही. आता मात्र गंमत पाहा. खिळा झिजला, किंवा गळती थांबवण्यासाठी कोणी एकाऐवजी दोन वॉशर घातले, तर ही व्यवस्था चकवता येते. म्हणून डिझायनरने दुरुस्ती करणाऱ्याचा हातही लक्षात घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

नळ्यांचेही तसेच आहे. शिरेतून द्यायचे औषध, नाकातून पोटात जाणारी नळी आणि पाठीच्या कण्यात द्यायचे इंजेक्शन या सर्वांना वर्षानुवर्षे एकाच मापाचे ल्युअर जोड होते आणि चुकीच्या जोडणीमुळे जगभरात माणसे दगावली आहेत. आयएसओ ८०३६९ या मानकमालिकेने प्रत्येक उपयोगासाठी एकमेकांत न बसणारे जोड ठरवून दिले ते त्यामुळेच. काही मिलिमीटरच्या प्लास्टिकची ही गोष्ट आहे, पण आपल्या व्यवसायात याहून मोठे काम मला तरी माहीत नाही.

एक व्यावहारिक सूचना करतो. यंत्र विकत घेण्याचा निर्णय व्यवस्थापन आणि डॉक्टर घेतात, ते चालवतात परिचारिका आणि तंत्रज्ञ, पुसतात मावशी, उघडतो मी. ब्रीफ बहुधा पहिल्या दोघांशी बोलून लिहिलेले असते. आपण रुग्णालयात निरीक्षणासाठी याल तेव्हा वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या, रुग्णांचे छायाचित्र घेऊ नका, अभ्यासासाठी माहिती गोळा करायची असेल तर नीतिमत्ता समितीची संमती लागेल का हे आधी विचारा, आणि शक्य असेल तर पाळी बदलताना या. सकाळच्या पाळीची सिस्टर रात्रपाळीच्या सिस्टरकडून खाटांचा ताबा घेत असते तेव्हा कोणत्या यंत्राविषयी काय सांगितले जाते ते नुसते ऐका. "त्या पंपाचे ते बटण दोनदा दाबावे लागते हं" हे वाक्य आपल्याला तेव्हाच ऐकायला मिळेल.

गिरगावचा_स्टुडिओ

वरील तिन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत, पण स्टुडिओ म्हणजे केवळ आवरण चढवणारे दुकान, असा सूर त्यांतून निघतो आहे. त्याला थोडा विरोध नोंदवतो. आवरणापुरते काम आले तर दोष स्टुडिओ या व्यवस्थेचा नाही. काम कोणत्या टप्प्यावर घ्यायचे हे न ठरवणाऱ्याचा आहे.

अमेरिकेतील आयडिओ या स्टुडिओचे उदाहरण या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी हातात धरायचे उपकरण गायरस या कंपनीसाठी घडवायचे होते. शल्यचिकित्सकांबरोबर चर्चा चालू असतानाच एका डिझायनरने फळ्यावर लिहायचा मार्कर, फिल्मची रिकामी डबी आणि कपड्यांना लावायचा चिमटा चिकटपट्टीने एकत्र बांधले आणि "असे काही म्हणता का?" म्हणून त्यांच्या हाती दिले. पुढचे उपकरण त्या ओबडधोबड नमुन्यावरून आकाराला आले. हे काम स्टुडिओचेच होते, आणि त्याने ते पहिल्या बैठकीपासून हाती घेतले होते.

शिवाय आरोग्यक्षेत्र म्हणजे केवळ विजेवर चालणारी यंत्रे नव्हेत. डेबोरा ॲडलर यांनी विद्यार्थिदशेत मांडलेली औषधाच्या बाटलीची कल्पना, आजीने चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्यामुळे सुचलेली, २००५ मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतून क्लिअरआरएक्स या नावाने आली. चपट्या लेबलावर औषधाचे नाव ठळक अक्षरांत आणि घरातील प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळ्या रंगाचे कडे. पुढे टार्गेटची औषध दुकाने सीव्हीएस या औषधविक्री कंपनीकडे गेली आणि ती बाटली बंद झाली. ग्राहकांनी तक्रारी केल्या तरीही. कंपनीच्या आत बसल्याने उत्पादन आपल्या हाती राहते, या समजुतीवर एवढे एक उदाहरण पुरेसे आहे. वास्तुरचनाकार मायकेल ग्रेव्हज २००३ मध्ये कमरेखाली लुळे पडले आणि रुग्णालयाच्या खोलीचा अनुभव घेतल्यावर त्यांनी स्ट्रायकर या वैद्यकीय उपकरण कंपनीसाठी रुग्णालयातील फर्निचर आणि चाकांची खुर्ची डिझाइन केली. रुग्णालयातील टेबल, ट्रॉली, सलाइनचा स्टँड, औषधांचे वेष्टन, नमुना गोळा करण्याचे डबे यांत आपल्याकडे डिझाइनचा स्पर्श अजून फारसा झालेला नाही, आणि त्यातील बऱ्याच वस्तूंना नियमनाचा जाच तुलनेने कमी आहे. आपल्या स्टुडिओच्या मालकांशी बोलून असे एखादे काम मागून पाहा, एवढेच सुचवतो.

रेखाटणारा_पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिरजेच्या साहेबांनी सांगितलेले भूलयंत्राचे जोखड प्रत्यक्ष पाहण्याची व्यवस्था एका परिचित भूलतज्ज्ञांमार्फत करतो आहे. गिरगावच्या प्रतिसादातील मुद्दा पटला. परंतु आमच्या स्टुडिओत काम कोणत्या टप्प्यावर घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे नाही आणि नजीकच्या काळात येईल असे दिसत नाही, त्यामुळे कल कऱ्हाडकरांनी सांगितलेल्या मार्गाकडे झुकतो आहे.

एक शंका उरते. माझी बरीचशी कामे गोपनीयतेच्या करारात अडकलेली आहेत आणि जी दाखवता येतात ती सगळी चकचकीत रेंडरची आहेत. निर्णयामागील कारणे दाखवणारा पोर्टफोलिओ कसा तयार करावा?

कऱ्हाडकर_बंगळूर

जी कामे करारात अडकलेली आहेत ती नाव पुसूनसुद्धा दाखवू नका. वैद्यकीय कंपनी उमेदवाराचे डिझाइन पाहते तशीच त्याची गोपनीयतेची सवयही पाहते, आणि आज दुसऱ्याचे गुपित दाखवणारा उद्या आपलेही दाखवील, असा सरळ हिशेब ती करते.

त्याऐवजी बाजारात मिळणारे एखादे स्वस्त यंत्र विकत घ्या. आपले रक्तदाबाचेच यंत्र घेतले तरी चालेल, फक्त आपल्या ग्राहक कंपनीचे नको. घरातील आणि शेजारील वडीलधाऱ्यांना ते त्यांच्या त्यांच्या पद्धतीने वापरू द्या आणि मध्ये न बोलता पाहत राहा. पट्टा उलटा बांधला जातो का, हात हृदयाच्या पातळीवर राहतो का, दोन आकड्यांपैकी कोणता वरचा हे समजते का, यंत्रात साठवलेले मागचे मोजमाप आजचे म्हणून वाचले जाते का, हे टिपून ठेवा. मग प्रत्येक चुकीपासून संभाव्य अपाय, त्यावर रचनेतून करता येणारा उपाय आणि तो तपासण्याची चाचणी असा तक्ता मांडा. शेजारी पुठ्ठ्याचे आणि थ्रीडी प्रिंटचे नमुने ठेवा, फसलेले नमुने आणि त्यांची कारणेही. रेंडर शेवटी एकच द्या. नियमपालक ताईंना तो तक्ता आधी दाखवता आला तर उत्तम. त्या परत पाठवतील तेवढी वाक्ये सुधारून मगच अर्ज करा.

नियमपालक_ठाणे

जरूर पाठवा. तक्ता दोन पानांपेक्षा मोठा नको, आणि "आरामदायी" हा शब्द आधीच काढून ठेवा.